रजिस्टरच्या व्याख्या सोप्या करायच्या आहेत, पण चालता ड्रायव्हर मोडायचा नाही. सुरुवात कुठून करू?

अबोली (फोंडा)

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत मी एम्बेडेड लिनक्सचं काम करते. आमची पाण्याची पातळी मोजणारी एक पेटी आहे. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर जी मानस असते, तिच्या आतल्या बाजूला एक आणि नदीच्या बाजूला एक असे दोन दाबमापक पाण्यात सोडायचे. दोघांचं व्होल्टेज एडीएस१११५ ही चिप मोजते, वेळ डीएस३२३१ ही घड्याळाची चिप देते, आणि आमचा स्वतःचा कर्नल ड्रायव्हर आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरून दोन्ही चिपांशी बोलतो, म्हणजे त्यांच्या रजिस्टरांत (चिपमधल्या छोट्या साठवणजागांत) लिहितो-वाचतो. कर्नल ५.१५ आहे.

जे गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी नदीकडून रेटू लागलं की ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून ही सोय पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दार मिटलेलं असताना बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वरच असणार, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं.

जूनमध्ये दुर्भाटच्या बाजूला एक पेटी बसवली. आठ दिवसांनी मानस सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, "बाय, तुझी पेटी भरतीला आतलं पाणी जास्त दाखवते. असं कसं होईल?" मला वाटलं मापकांच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या. भर पावसात तीन फेऱ्या मारल्या, दोनदा तारा अदलाबदल करून पाहिल्या. तारांनी उलटं यायचं ते सुलट झालं, पण आकडे जरा मागे रेंगाळल्यासारखे वाटत राहिले आणि पेटीवरच्या खुणेशी कशाचाच मेळ बसेना. शेवटी तारा होत्या तशा लावल्या, पेटी ऑफिसात आणली आणि बसवर लॉजिक ॲनलायझर (तारांवरून जाणारे बिट दाखवणारं यंत्र) लावला. एडीएस१११५ च्या कॉन्फिग रजिस्टरमध्ये (कसं मोजायचं ते चिपला इथे सांगायचं) हेक्स सी३८३ जायला हवं होतं, जात होतं सी३०३.

कारण आमच्या हेडरमध्ये, म्हणजे रजिस्टरांच्या व्याख्यांच्या फाइलीत, सापडलं. डेटा रेटचं फील्ड (सेकंदाला किती मापं ते सांगणारा बिटांचा गट) बिट ७ ते ५. त्याचा शिफ्ट (किंमत किती घरं सरकवायची) ५ लिहिलेला, मास्क (कुठले बिट राखायचे) मात्र ७, म्हणजे न सरकवलेला. आणि कोड आधी किंमत सरकवतो, मग मास्क लावतो. १२८ सॅम्पलसाठी ४ ही किंमत. ४ पाच घरं सरकवली की १२८, त्याला ७ चा मास्क लावला की शून्य. शून्य म्हणजे सेकंदाला ८ सॅम्पल. एका मापाला १२५ मिलिसेकंद लागू लागले, आणि ड्रायव्हर १० मिलिसेकंद झोपून उठतो नि वाचतो. हातात पडतं ते आधीचं माप. आम्ही ३०-३० सेकंदांनी आलटून पालटून दोन चॅनेल मोजतो, त्यामुळे आतल्याच्या नावावर बाहेरचं आणि बाहेरच्याच्या नावावर आतलं. आधीच्या पेटीत एकच मापक होता. अर्ध्या मिनिटाचं शिळं माप आलं तरी पाणी तेवढ्यात किती हलणार? म्हणून दोन वर्षं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ती ओळ दुरुस्त केली. पण हेडर अजून तसंच आहे आणि ते उघडलं की मला धास्ती वाटते. एडीएस१११५ ची रजिस्टरं चार, डीएस३२३१ ची एकोणीस. एवढ्या तेवीस रजिस्टरांसाठी ९०० ओळी. प्रत्येक फील्डला शिफ्ट, मास्क, रुंदी, कमाल किंमत, काढायचा मॅक्रो, घालायचा मॅक्रो. त्यातही दोन वेगवेगळ्या हातांच्या सवयी: काही मास्क सरकवलेले, काही न सरकवलेले, आणि नावावरून कुठला कसा ते कळत नाही. भर म्हणून १६ बिटांच्या रजिस्टरांचे मास्क दोन-दोनदा लिहिलेत, एकदा सरळ आणि एकदा बाइट उलटवून.

हे सगळं साधं करावं असं मला मनापासून वाटतं. आमचे वरिष्ठ म्हणतात, चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. त्यांची भीती मला समजते, नव्याने लिहिताना मीच दुसरी चूक करून ठेवली तर? अशा वेळी तुम्ही कुठून सुरुवात करता? आणि वागणं बदललेलं नाही हे दुसऱ्याला पटेल असं कसं दाखवता?

रापणकार (म्हापसा)

ताई, सरळ स्ट्रक्ट घ्या आणि आत बिटफील्ड लिहा. तीन बिट डेटा रेट, एक बिट मोड, असं एकाखाली एक. मास्कही गेले नि शिफ्टही गेले. मायक्रोकंट्रोलरवर मी वर्षानुवर्षं असंच करत आलोय, वाचायला यासारखं सोपं दुसरं काही नाही.

घुमट (वास्को)

रापणकारबाब, एकाच मायक्रोकंट्रोलरवर आणि एकाच कंपायलरवर तुमचं म्हणणं चालून जातं. कर्नल ड्रायव्हरमध्ये मी ते करणार नाही, कारणं सांगतो.

बिटफील्ड शब्दात खालून भरायची की वरून, हे सी भाषेचं मानक ठरवत नाही, ते कंपायलर आणि प्लॅटफॉर्मवर सोडलेलं आहे. दुसरं, स्ट्रक्टच्या एका फील्डला किंमत दिली की कंपायलर आख्खा शब्द वाचतो, बदलतो, परत लिहितो, आणि ते तीनदा केलं तर तीनदा. साध्या मेमरीत त्याने बिघडत नाही, पण रजिस्टर म्हणजे मेमरी नव्हे. जुन्या १६५५० यूएआरटीचंच (सिरियल पोर्टच्या चिपचंच) घ्या. ऑफसेट २ वर वाचलं तर इंटरप्ट ओळखीचं रजिस्टर मिळतं, लिहिलं तर फिफोच्या (बाइटांच्या रांगेच्या) नियंत्रणाचं. पत्ता एक, रजिस्टरं दोन. तिथे "वाचा, बदला, लिहा" केलंत तर वाचलं एकाचं आणि लिहिलं दुसऱ्यात.

अबोलीताई, आता तुमच्याकडे येतो. तुम्हाला ओळींची संख्या डाचते आहे, पण दुखणं त्यात नाही. एक गोष्ट दोन जागी लिहिली गेली, हे दुखणं आहे. फील्ड कुठे बसतं ही एकच माहिती. तुमच्याकडे ती शिफ्टमध्ये आहे, मास्कमध्ये आहे, रुंदीत आहे आणि कमाल किमतीतही आहे. चार साक्षीदार ठेवले की एखादा फितूर होतोच. म्हणून फील्डमागे एकच व्याख्या ठेवा, आणि ती डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) छापली आहे त्याच रूपात:

#डिफाइन सीएफजी_डीआर जेनमास्क(७, ५)

डेटाशीटमध्ये "७:५" असं छापलेलं असतं, इथेही ७, ५, त्यावरून मास्क जेनमास्क हा कर्नलचा मॅक्रो बनवतो. जोडीला बसलेला माणूस कागदावर बोट ठेवून तपासू शकतो, मनात हेक्सचा हिशोब करावा लागत नाही. वरचा बिट आधी, खालचा नंतर. उलटं लिहिलंत तर तुमच्या ५.१५ वर कंपायलरच अडवेल.

किंमत बसवायला फील्ड_प्रेप, काढायला फील्ड_गेट. २०१६ मध्ये, ४.९ पासून, हे दोन्ही कर्नलमध्ये आहेत. शिफ्ट किती ते मास्कवरून कंपाइल होतानाच काढलं जातं, हाताने लिहायची गरजच उरत नाही. मास्क शून्य असेल, मध्ये भोक असलेला असेल, किंवा दिलेली स्थिर किंमत फील्डात मावत नसेल, तर बिल्ड तिथेच थांबतं. तुमची ती चूक या पद्धतीत लिहायला जागाच नव्हती, कारण सरकवलेला आणि न सरकवलेला असे दोन मास्क मुळात अस्तित्वातच नसतात.

किमतींचं तसंच. ४ म्हणजे १२८ सॅम्पल, तर डीआर_१२८एसपीएस = ४ असं न सरकवलेलं ठेवा, डेटाशीटच्या तक्त्यात "१००" छापलंय तसं. मांडणीसाठी इंटेलच्या आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हरचं मुख्य रजिस्टर हेडर उघडून बघा. व्याख्या कशा लिहायच्या याचे नियम त्या फाइलीच्या वरच लिहून ठेवलेत: रजिस्टर आधी, त्याखाली फील्ड दोन जागा जास्त सोडून आणि वरच्या बिटापासून खाली. एवढ्या मोठ्या हेडरमध्येही डोळा हरवत नाही तो त्या शिस्तीमुळे.

बाइट उलटवण्याचं ओझं तर हेडरवर येऊच नये. एसएमबसच्या (आय-टू-सीवर चालणाऱ्या नियमांच्या) १६ बिटांच्या लिखाणात खालचा बाइट आधी जातो, एडीएस१११५ ला वरचा आधी हवा असतो. तुमच्या आधीच्या कुणीतरी तो फरक मास्कमध्येच मुरवला. रेगमॅप घ्या, म्हणजे रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली तयार सोय. २०११ मध्ये ३.१ पासून कर्नलमध्ये आहे. पत्ता ८ बिट, किंमत १६ बिट एवढं सांगा, बाइटांचा क्रम तो सांभाळतो. दुहेरी मास्कांचा आख्खा ढीग एका दिवसात जाईल.

सिद्ध कसं करायचं, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वात आवडलेला भाग. पॅच, म्हणजे कोडमधले बदल, दोन प्रकारचे करा आणि ते कधीच मिसळू नका. पहिल्या प्रकारात फक्त व्याख्या बदलतात, वागणं तसूभरही नाही. त्यांच्यासाठी आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेली) उलगडून ताडा. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट याच कामाची आहे. कंपायलर तोच आणि पर्याय तेच ठेवलेत, तर मशीन कोड अक्षराला अक्षर जुळायला हवा. न जुळला तर एकतर तुम्ही चुकलात, नाहीतर जुनी चूक सापडली. दोन्ही कळणं चांगलंच. रेगमॅप आणणं हा दुसरा प्रकार, तिथे वागणं बदलतं, त्याला पेटीवरची चाचणी हवी. पहिल्या प्रकाराचा निकाल वरिष्ठांसमोर ठेवा. ते म्हणतात ती गाडी चालती आहे आणि खीळ बसलेली नाही, हे कागदावर दिसेल.

एक खबरदारी. ताडण्याआधी जुनं हेडर लगेच उडवू नका. दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक फील्डला एक स्टॅटिक_असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) लिहा: जुना मास्क, कोड तो ज्या रीतीने वापरतो त्या रीतीने, नव्या मास्कइतकाच आहे. "ज्या रीतीने वापरतो" यावर भर देतो, कारण तुमचा तो ७ पाच घरं सरकवून पाहिला असता तर बरोबरच ठरला असता.

अबोली (फोंडा)

घुमटबाब, खूप आभार. शनिवार-रविवार यावरच बसले होते. रविवारी दुपारी वीज गेली, तेव्हा डेटाशीट छापून घेऊन एकेका फील्डावर पेन्सिलीने खूण करत गेले. खरं सांगते, ते काम मी पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

एडीएस१११५ च्या कॉन्फिगची आधी १४० ओळींची जागा होती, ती आता २६ वर आली. मी दुरुस्त केलेली आवृत्ती आणि नवी आवृत्ती, दोन्हींचा मशीन कोड जुळला. ते पाहिलं तेव्हा पोटातली भीती गेली.

दोन ठिकाणी अडले. चॅनेलचा एक स्टॅटिक तक्ता आहे, त्यात फील्ड_प्रेप लिहिलं तर कंपायलर घेईना. कळलं की ते फंक्शनच्या बाहेर चालत नाही. फील्ड_प्रेप_कॉन्स्ट नवीन कर्नलमध्ये आहे, ५.१५ मध्ये नाही. मग तक्त्यात फक्त मक्सच्या (चॅनेल निवडणाऱ्या फील्डाच्या) नुसत्या किमती ठेवल्या, ४ आणि ५, आणि बसवायचं काम फंक्शनमध्ये केलं. तक्ता उलट आता जास्त वाचनीय झाला.

दुसरं अजून सुटलेलं नाही. ओएस बिट, बिट १५. लिहिताना १ म्हणजे "मापन सुरू कर", वाचताना १ म्हणजे "मी मोकळा आहे". एका मास्कला एकच नाव द्यायचं तर काय देऊ? आणि डीएस३२३१ ला मी अजून हात लावलेला नाही. तिथे सगळं आठ बिटांचं आहे, तेव्हा सोपंच जाईल असं वाटतंय.

वाळपईकर

अबोलीताई, डीएस३२३१ सोपा वाटतो तिथेच मी एकदा फसलो, म्हणून लिहायला बसलो.

आधी ओएस बिट. त्याला दोन नावं द्या, एकाच बिटावर दोन व्याख्या: सीएफजी_ओएस_सुरू आणि सीएफजी_ओएस_मोकळा. एक गोष्ट एकदाच लिहावी हे घुमटबाबांचं म्हणणं खरं, पण इथे गोष्टीच दोन आहेत, जागा तेवढी एक. शिवाय या रजिस्टरवर रेगमॅपचं अपडेट_बिट्स (वाचून, हवे ते बिट बदलून परत लिहिणारं फंक्शन) वापरू नका. चिप मोकळी असताना वाचलंत तर वरचा बिट १ येतो. गेन (मापाची श्रेणी) बदलून तेच परत लिहिलंत की नकळत नवीन मापन सुरू. दर वेळी पूर्ण शब्द रचून लिहा. आणि १० मिलिसेकंद झोपण्याचा अंदाज काढून टाका, मोकळा होईपर्यंत तो बिट विचारत राहा. रेगमॅपमध्ये वेळमर्यादेसह वाचत राहायचा मॅक्रो तयार आहे. तो असता तर चुकीच्या डेटा रेटनेही तुमचं माप बरोबर आलं असतं, फक्त उशिरा, आणि तुमच्या त्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

आता डीएस३२३१ चं स्टेटस रजिस्टर, पत्ता हेक्स ०एफ. बिट ७ ऑसिलेटर थांबल्याची खूण, बिट ३ ने ३२ किलोहर्ट्झचं आउटपुट चालू-बंद होतं, बिट १ आणि ० दोन अलार्मच्या खुणा. खुणा शून्य लिहून पुसायच्या. मला फक्त ते आउटपुट बंद करायचं होतं. मी वाचलं, बिट ३ काढला, परत लिहिलं. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये नेमका अलार्म वाजला, तर खूण १ झालेली असते आणि मी जुनं शून्य लिहून ती पुसून टाकतो. अलार्म हरवला, कुठेही नोंद नाही. महिन्यातून एखाद्या वेळीच घडायचं, त्यामुळे पकडायला मला फार दिवस लागले. उपाय डेटाशीटमध्येच आहे: अलार्मच्या खुणांवर १ लिहिलं तर काहीही बदलत नाही. म्हणजे पुसायची नसलेली खूण नेहमी १ लिहायची.

जेनमास्क आणि बिट हे दोन मॅक्रो ही गोष्ट कधीच सांगणार नाहीत. मास्क जागा सांगतो, वागणं सांगत नाही. म्हणून हेडरमध्ये त्या बिटाशेजारी टिप्पणी हवीच: "शून्य लिहिलं की पुसलं जातं, एक लिहिलं तर तसंच". ओळी कमी करण्याच्या भरात ही ओळ जाऊ देऊ नका. रेगमॅपलाही सांगा की हे रजिस्टर व्होलाटाइल (आपोआप बदलणारं) आहे, नाहीतर कॅशमधली जुनी किंमत हातात येईल. वाचल्याने ज्याचं काही बदलतं असं रजिस्टर असेल, तर ते प्रेशस म्हणून नोंदवा, म्हणजे डीबगएफएसमधून (डीबगसाठीच्या कर्नलच्या फाइलींमधून) कुणी सहज डोकावलं तरी ते वाचलं जाणार नाही. डीएस३२३१ मध्ये तसं नाही, पण पुढे यूएआरटीशी गाठ पडली तर लागेल.

न वापरलेल्या व्याख्यांचं कुणी विचारलं नाही, तरी बोलतो. या दोन्ही चिपांची डेटाशीट कुणालाही मोफत मिळते, तेव्हा न वापरलेली फील्डं मी खुशाल काढेन. तपासली न गेलेली व्याख्या चुकीची असली तरी कळत नाही. पण ज्या हार्डवेअरचा कागद बाहेर मिळतच नाही, तिथे हेडर हाच कागद असतो, तिथे मात्र एकही ओळ उडवू नये. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये लाखो ओळींची हेडरं आहेत, यंत्राने तयार केलेली. लोक त्यांच्या आकाराला नावं ठेवतात. मला ती असल्याचा आनंदच आहे.

रापणकार (म्हापसा)

घुमटबाब, वाळपईकर, दोघांचं पटलं. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टात अशीच अधूनमधून खूण हरवते, आम्ही ती रीसेट करून चालवतो. उद्या तेच आधी बघतो.

अबोली (फोंडा)

आज डीएस३२३१ ही झाला, आणि स्टॅटिक_असर्टने एक खरी चूक पकडून दिली.

अलार्मच्या तासाच्या रजिस्टरमध्ये दशकाचं फील्ड २४ तासांच्या पद्धतीत बिट ५ आणि ४, म्हणजे जेनमास्क(५, ४). जुन्या हेडरमध्ये त्याचा मास्क फक्त बिट ४ चा होता, १२ तासांच्या तक्त्यातून उचललेला. तिथे बिट ५ सकाळ-संध्याकाळसाठी असतो. आमची पेटी सकाळी ६ ला आणि संध्याकाळी १८ ला जागी होते, दोन्ही वेळा बिट ५ शून्यच, म्हणून कधी बाधलं नाही. रात्री २० नंतरचा अलार्म कुणी लावला असता तर दशकाचे २ गळून पडले असते आणि पेटी मध्यरात्रीनंतर जागी झाली असती. पुढच्या महिन्यात आम्ही रात्रीच्या भरतीसाठी २२ चा अलार्म घालणार होतो! ही दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये ठेवली आहे, मशीन कोड तिथे जुळत नाही आणि का जुळत नाही ते पॅचच्या मजकुरात लिहिलंय.

स्टेटस रजिस्टरचं वाळपईकरांनी सांगितलं तसं केलं, टिप्पणी मराठीतच लिहिली आधी, मग इंग्रजीत. हेडर आता १७० ओळींचं आहे. वरिष्ठांनी मशीन कोड जुळल्याचा निकाल दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा स्वतःच्या मशीनवर बिल्ड करून पाहिला, आणि पॅच घेतला.

ओएस बिट विचारण्याचा पॅच उद्या टाकते. गुरुवारी अमावास्येची मोठी भरती आहे, तेव्हा नवीन बिल्ड घेऊन दुर्भाटला जाणार. काकांना फोन केला तर म्हणाले, दार मिटायच्या आधी ये, मी पट्टी घेऊन बांधावर उभा राहतो, तुझे आकडे आणि माझी पट्टी एकदा ताडून बघू.